दुसऱ्या ओळीतली चूक

एकदा एक गिरणीवाला होता आणि पाप सोडण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. चार वर्षांत त्याने एकच पाप चार वेळा सोडले होते, तेही चारचौघांत उभे राहून, डोळे पुसत. त्याचे नाव सीलास आढाव. प्रवरेकाठच्या एका गावात, ख्रिस्ती वस्तीच्या तोंडाशी त्याची पिठाची गिरणी होती. आणि जे पाप तो दर वर्षी सोडत असे ते म्हणजे त्याचा राग.

राग कोणाला येत नाही? पण सीलासचा राग साधा नव्हता. दळण ओले निघाले, पट्टा घसरला किंवा कोणी वाटेत डबा ठेवला, की समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय तो थांबत नसे. गिरणीच्या घरघरीत वर्षानुवर्षे ओरडून बोलल्यामुळे आवाजही चांगलाच कमावलेला होता. गिरणीत दिलेली शिवी एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्यांना शब्दन्‌शब्द ऐकू जाई.

दर वर्षी मे महिन्यात गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या जागृतीच्या सभा भरत. बाहेरगावचे उपदेशक येत, आणि तिसऱ्या दिवशी साक्षी होत. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले ते विश्वासणाऱ्याने सर्वांसमोर उभे राहून सांगायचे. सीलास दर वर्षी पहिला उभा राही आणि गहिवरून सांगे, “बंधुभगिनींनो, आजपासून माझा राग मेला. प्रभूने तो मुळासकट उपटला!” मंडळी आमेन म्हणे. पहिल्या वर्षी ती मोठ्याने म्हणाली, दुसऱ्या वर्षी जरा बेताने. तिसऱ्या वर्षी मागच्या बाकावरचा दावीद टेलर शेजाऱ्याच्या कानाशी लागून फक्त “गुरुवार” म्हणाला, आणि गुरुवारीच सीलासने पोस्टमनला गिरणीच्या पायरीवरून हाकलले.

चौथ्या वर्षी साक्ष रविवारी झाली आणि राग सोमवारी सकाळी दहा वाजता परत आला. सीलासची बायको रूथ त्याला गिरणीत हातभार लावायची. त्या दिवशी गर्दीत तिने गव्हाच्या दळणात कोणाची तरी बाजरी ओतली. सात गिऱ्हाइकांसमोर सीलास तिला जे बोलला ते इथे लिहिण्याजोगे नाही. रूथने पदराचे पीठ झटकले आणि ती घरी गेली.

दुपारी तिने त्याला जेवायला वाढले. त्याचे पहिले दोन घास होईपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, “एक सांगते. तुम्ही साक्षीला उभे राहता ना, तेव्हा तुमच्याकडं कुणी बघत नाही. सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं बघतात. मला त्या बाकावर बसवत नाही. आता पाचव्यांदा ‘राग मेला’ म्हणून उभे राहिलात, तर मी संगमनेरला भावाकडं जाईन आणि परत येणार नाही.”

रूथ उगाच बोलणाऱ्यांतली नव्हती. अकरा वर्षांच्या संसारात तिने अशी भाषा कधीच केली नव्हती.

सीलास ताटावरून उठला आणि तडक बर्णबा गुरुजींकडे गेला. गुरुजी ब्याऐंशी वर्षांचे. शाळेतून कधीचे निवृत्त झालेले, मंडळीचे पंच, आणि गेली पन्नास-पंचावन्न वर्षे उपासनेत पेटी वाजवणारे. ते ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

“सलाम, गुरुजी.”

“सलाम. ये, शेंगा फोड.”

सीलास बसला नाही. “गुरुजी, मंडळीच्या वहीतून माझं नाव काढून टाका.”

“का रे? गाव सोडतोयस?”

“विश्वास सोडतोय. म्हणजे तो मुळात नव्हताच! चार वेळा देवासमोर बोललो आणि चार वेळा तोंडावर आपटलो. प्रभूनं मला खरंच नवं केलं असतं तर असं झालं असतं का? मी ढोंगी माणूस. प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावायची माझी लायकी नाही!”

हे सगळे तो इतक्या रागाने बोलला की ओट्याखाली झोपलेले कुत्रे उठून पलीकडच्या आळीत गेले.

गुरुजींनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि विचारले, “आपलं अर्पणाचं गाणं म्हणतोस का जरा?”

“आत्ता?”

“आत्ता.”

दर रविवारी दानाची थाळी फिरते तेव्हा मंडळी हे गाणे म्हणते, आणि त्याच्या पहिल्या दोन ओळी प्रत्येक कडव्याला पुन्हा येतात. सीलासने घसा खाकरून सुरुवात केली, ‘रिकाम्या हाती आलो दारी, ओंजळ माझी भरली देवा...’

“थांब. दुसऱ्या ओळीत चुकलास. ‘भरली’वर सूर वर चढतो. तू खालीच बसलास.”

“सगळे असंच म्हणतात, गुरुजी.”

“सगळे चुकतात. ती चूक तू काढ. नोव्हेंबरात हंगामाचा सण आहे, तोवर मुदत. सगळी मंडळी त्या शब्दावर वर चढू दे. मग तुझं नाव वहीत ठेवायचं की काढायचं ते पाहू.”

“आणि माझा राग?”

“तो कुठे पळून जातोय?” गुरुजी म्हणाले. “असू दे तोवर.”

म्हाताऱ्याला आता भ्रम झाला, असे मनाशी म्हणत सीलास घरी आला. पण एक गोष्ट त्याला बरी वाटली. स्वतःला सुधारण्यापेक्षा दुसऱ्यांना सुधारणे त्याला केव्हाही अधिक सोपे वाटत आले होते.

पुढच्या रविवारी त्याने पाळकसाहेबांची परवानगी घेतली आणि उपासनेआधी तो पुढे जाऊन उभा राहिला. “आपण इतकी वर्षं देवासमोर चुकीचं गातोय!” त्याने गर्जना केली. मग योग्य चाल म्हणून दाखवली आणि मंडळीकडून तीनदा घोटून घेतली. तिन्ही वेळा मंडळी ‘भरली’वर व्यवस्थित वर चढली. सीलासची छाती फुगली. हे काम तर एका रविवारात झाले!

अर्ध्या तासाने थाळी फिरू लागली, पेटी सुरू झाली आणि ‘भरली’ येताच सगळी मंडळी नेहमीसारखी खाली जाऊन बसली. त्यात सर्वांत मोठा, सर्वांत खणखणीत चुकीचा आवाज होता सीलासचा.

हे त्याच्या ध्यानात आले ते पुढच्या बाकावरच्या सुंद्राबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिले तेव्हा. सुंद्राबाई पंचाहत्तरीच्या. सबंध बायकांची बाजू त्यांच्या आवाजामागे जाई. आपली चूक पकडली गेली म्हटल्यावर सीलासने काय करावे? उपासना संपताच त्याने दारात सुंद्राबाईंना गाठले. “तुमच्यामुळं सगळे चुकतात! तुम्ही जरा तोंड मिटून बसत जा!”

“मेल्या,” सुंद्राबाई म्हणाल्या, “तुझ्या बाप्तिस्म्याला हेच गाणं मी म्हटलं होतं. तवाबी तू असाच बोंबलत हुतास.” आणि त्या तरातरा निघून गेल्या. त्यानंतर चार रविवार त्या बाकावर बसल्या खऱ्या, पण तोंडातून एक सूर काढला नाही. त्यांच्यामागच्या बायका सैरभैर झाल्या आणि गाणे पहिल्यापेक्षा अर्धे राहिले.

सीलास पुन्हा ओट्यावर. “गुरुजी, ही मंडळी सुधारायची नाही. ते गाणंच बंद करा!”

“ते राहू दे. तू तरी बरोबर म्हणालास का?”

“नाही,” सीलास म्हणाला.

“मग आधी तू एकटा म्हण. दुसऱ्यांकडे कान देऊ नकोस.”

हे ऐकायला सोपे होते. पण तीन रविवार गेले तरी सीलासला ते जमले नाही. पहिली ओळ संपली की तो दात-ओठ खाऊन ‘भरली’ची वाट पाही, आणि तो शब्द आला की गळा जुन्याच वाटेने जाई. गिरणीत तो दिवसभर घोकू लागला. दळणाला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसत. कोणीतरी गावात उठवून दिले की सीलासने आता रागाऐवजी गाणे धरले आहे आणि दोन्हींत डावे-उजवे काही नाही.

एका संध्याकाळी तो अंगणात असाच घोकत होता. रूथ चुलीपाशी भाकरी थापत होती. त्या सोमवारपासून ती त्याच्याशी कामापुरते बोले, त्यापलीकडे एक शब्द नाही. दहाव्या की बाराव्या वेळी तिला राहवले नाही.

“तुम्ही ‘भरली’वर नाही चुकत.”

“मग?”

“‘माझी’च्या आधी श्वास घेत नाही, तिथंच चुकता. मग वर चढायला दम कुठून येणार? खाली बसण्याशिवाय गळा करील तरी काय?”

सीलासने ‘माझी’च्या आधी श्वास घेतला. सूर वर चढला. तो आश्चर्याने तिच्याकडे बघत राहिला. रूथने भाकरी उलटली आणि पुढची थापायला घेतली.

त्या एका वाक्याने सीलासला आठवडाभर झोप लागू दिली नाही, असे म्हटले तरी चालेल. गिरणीत तो स्वतःवर पाळत ठेवू लागला, आणि त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. त्याचा राग ओल्या गव्हाने येत नव्हता. तो त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असे. सकाळी न्याहारी न करता गिरणी उघडली, अकराला वीज गेली, रांग वाढली, कोणी म्हणाले “अजून किती वेळ?”, आणि मग कुठे ओल्या गव्हाचा डबा पुढे आला. डबा येईपर्यंत सगळे ठरून गेलेले असे. डबा आणणारा बिचारा नुसता निमित्ताचा धनी होत होता.

म्हणून त्याने एवढेच केले. न्याहारी करून गिरणी उघडू लागला. वीज गेली की रांगेसमोर फणफणत उभे न राहता मागच्या दारी जाऊन तांब्याभर पाणी पिऊ लागला, आणि “प्रभू, मला धर” एवढी तीन शब्दांची प्रार्थना करू लागला. पूर्वी त्याच्या प्रार्थना लांबलचक असत, पण त्या भांडण झाल्यानंतरच्या असत.

याने राग गेला का? छे! जुलैत तो दोनदा भडकला आणि पोळ्याच्या आसपास एकदा असा, की एसटीच्या थांब्यावरचे लोक पुन्हा ऐकत उभे राहिले. पण अधेमधे असेही दिवस येऊ लागले की शिवी ओठांपर्यंत यायची आणि अर्धीच बाहेर पडून थबकायची. अर्ध्या शिवीला काय उत्तर द्यावे ते गिऱ्हाइकाला कळत नसे.

रविवारी मात्र प्रगती होती. सीलास बरोबर म्हणू लागला. महिन्याभराने मागच्या बाकावरचा दावीद टेलर, केवळ त्याचा आवाज कानात घुसतो म्हणून, बरोबर म्हणू लागला. मग सीलास एक दिवस सुंद्राबाईंचे दळण स्वतः डोक्यावर घेऊन त्यांच्या घरी गेला आणि दारातच म्हणाला, “मावशी, त्या दिवशी माझं चुकलं. चुकत मीही होतो आणि ओरडलो तुमच्यावर.”

सुंद्राबाईंनी त्याला आत बोलावले, चहा दिला आणि खालच्या आवाजात कबूल केले, “वर जायला दम लागतो रे बाबा. माझ्यात आता दम ऱ्हायला न्हाई.”

“‘माझी’च्या आधी श्वास घ्या, मावशी.”

सुंद्राबाईंना ते साधले, आणि मग त्यांनी बायकांच्या बाजूचा कारभार हाती घेतला. जी चुकेल तिला कोपर बसू लागले.

पण ऐन सप्टेंबरात पंचाईत झाली. अर्धी मंडळी वर चढे आणि अर्धी खाली बसे. दोन सूर एकमेकांना भिडून असा काही आवाज उठे की थाळी धरणारा वाटेतच थांबे. पाळकसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, “सीलासराव, पूर्वी निदान सगळे एकदिलानं चुकत होते!”

सण रविवारी होता. आदल्या दिवशी दुपारी गुरुजी रिकाम्या उपासनामंदिरात पेटी पुसत बसले होते. सीलास आला आणि पायरीवर बसला.

“मुदत संपली, गुरुजी. पंधरा-वीस लोक अजून खालीच बसतात. मीसुद्धा कधीकधी घसरतो. आणि बुधवारी गिरणीत पुन्हा ओरडलो, सुंद्राबाईंच्या सुनेवर. सहा महिने झाले. ना गाणं सुधारलं, ना मी. तुम्ही नाव काढलंत तरी माझी तक्रार नाही.”

गुरुजींनी पेटीचे झाकण उघडले आणि एका पट्टीखालच्या छोट्या पितळी पात्यावर बोट ठेवले.

“हा सूर बघ. इतरांपेक्षा चकचकीत आहे ना? तुझ्या जन्माच्या आधी इथला जुना सूर मुका झाला. नवा आणायची ऐपत नव्हती. गाण्यात ती जागा आली की मी शेजारची खालची पट्टी दाबायचो. नऊ वर्षं दाबली. मंडळी तेच शिकली. तुझी आई शिकली, तिच्या मांडीवर तू शिकलास. ही चूक मुळात माझी आहे, सीलास.”

सीलासने वाकून ते पाते निरखून पाहिले.

“मग नगरहून एक कारागीर आला. दुपारी दोनला बसला आणि चारला उठला. हा नवा सूर घालून गेला. त्यात मंडळीनं काही केलं नाही. मीही काही केलं नाही, त्याला फक्त चहा पाजला. दोन तासांत पेटी पूर्ण बरी झाली. त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी मी बरोबर पट्टी दाबतोय आणि मंडळी तिच्यावरून चुकीचं गातेय. मी एकदा ओरडून पाहिलं. निम्मे लोक रुसले. मग नुसता वाजवत राहिलो.”

त्यांनी ती पट्टी दाबली. सूर स्वच्छ वाजला.

“आता सांग. मंडळी चुकते म्हणून पेटी बरी झालीच नाही, असं म्हणशील? तू तेच म्हणतोस. जरा घसरलास की म्हणतोस, प्रभूनं मला नवं केलंच नाही. अरे, ते काम एकदाच झालं आणि त्यानं केलं. तुझा गळा मोडक्या दिवसांत घडला, त्याला वळायला वेळ लागणार. दर वर्षी तू साक्ष द्यायचास ती गळा वळल्याची. ती खोटी होती. सूर बसल्याची दिली असतीस तर ती खरी ठरली असती. आणि एक बघ. पाच वर्षांपूर्वी तू ओरडायचास तेव्हा तुला बेसूर वाटायचं का?”

“नाही. बरं वाटायचं.”

“आता?”

“आता लाज वाटते. बुधवारी तर लगेच वाटली.”

“म्हणजे तुला सूर ऐकू येतोय. नाव वहीतच राहू दे. जा, श्वास घेत राहा.”

दुसऱ्या दिवशी हंगामाचा सण झाला. मंदिराचा पुढचा भाग बाजरीच्या कणसांनी, भोपळ्यांनी आणि पाय बांधलेल्या कोंबड्यांनी भरून गेला. उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा असतो, पण एका कोंबड्याला तेवढा धीर नव्हता, तो उपदेशभर आरवत होता. मग गाणे सुरू झाले. पहिल्या कडव्यात ‘भरली’ आली आणि मंडळी वर चढली. पाच-सात आवाज खाली राहिले असतील, पण बाकीचे इतके छान चढले की पेटीवर गुरुजींनी डोळे मिटले. सीलासला भरून आले. आणि त्या भरात दुसऱ्या कडव्याला तो श्वास घ्यायचा विसरला. एवढ्या सगळ्यांत त्याचा गिरणीचा आवाज एकटाच, दणदणीतपणे खाली जाऊन बसला.

सबंध मंदिर वळले. सुंद्राबाईंचे तर कोपर वर गेले होते, पण तो पुरुषांच्या बाजूला असल्याने पोचले नाही. सीलासचे कान तापले. त्याने मान खाली घातली नाही, दार शोधले नाही. तिसऱ्या कडव्याला त्याने ‘माझी’च्या आधी श्वास घेतला आणि तो सर्वांबरोबर वर गेला.

नंतर पाळकसाहेबांनी विचारले, “कोणाला साक्ष द्यायची आहे?”

बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना सवयीने रूथकडे वळल्या. सीलास आपल्या जागी घट्ट बसून राहिला. आणि बाकाचा आवाज आला तो पलीकडून. रूथ उभी राहिली होती. आजवर ती साक्षीला कधीच उभी राहिली नव्हती. तिने पदर डोक्यावरून नीट घेतला.

“मला बोलता येत नाही,” ती म्हणाली. “आमच्या ह्यांचा राग मेलेला नाही. बुधवारीच मोठ्यानं ओरडले, सगळ्यांनी ऐकलं असंल. पण दिवस मावळायच्या आत त्या सुनबाईच्या दारात जाऊन माफी मागून आले. मग घरी आले आणि मला विचारलं, ‘मी ओरडतो तेव्हा तुला भीती वाटते का?’ अकरा वर्षांत हे पहिल्यांदा विचारलं. मी हो म्हटलं. ते लई वेळ रडले. प्रभू आमच्या घरात काम करतोय. सावकाश करतोय, पण करतोय. मी भावाला निरोप धाडलाय, की मी येत नाही म्हणून. एवढंच.”

ती खाली बसली. सीलासने दोन्ही हातांनी तोंड झाकले होते. मंडळी आमेन म्हणाली, आणि या वेळी ते कोणी बेताने म्हटले नाही.